मामांचं लिखाण काढताना

मी मुळात भित्रा माणूस. दुकानासमोर कुणी करकचून ब्रेक दाबला तरी मी काउंटरखाली वाकतो. चौसाळ्यात हायवेला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे, आणि मेंढपाळांसाठी मी मोबाइलवर एक फोरमही चालवतो. कुणाच्या मेंढीला काय झालं, चारा कुठे शिल्लक आहे, असं लोक तिथे लिहितात. खरं नाव देण्याची सक्ती नाही. पण आमच्याकडे माणसाला नुसत्या नावाने हाक मारतो कोण? गाव आणि नातं जोडल्याशिवाय कुणाचं तोंड उघडत नाही. गेवराईकडच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने टोपणनाव घेतलं, तरी गाव विचारून सगळे त्यांना अमुक गावचे मामा म्हणू लागले. ते गाव कोणतं हे मी आजही लिहिणार नाही.

मामा आधी मेंढ्यांच्या आजारांवर लिहायचे. मग एकदा त्यांनी गायरानावर लिहिलं. चराईची जमीन गावातल्या पुढाऱ्याने कशी नांगरून घेतली, तार कुठून कुठपर्यंत ठोकली, सगळं सविस्तर. लोकांनी खाली शाबासकी दिली. मीही दिली, दुकानात बसून शूर व्हायला काय जातंय.

एका सकाळी मामांचा फोन आला. ते फोरम सोडत होते.

"माजं समदं लिवलेलं काढून टाका," ते म्हणाले. "कावून ते इचारू नका."

मी हो म्हणालो आणि काढलं नाही. खरं सांगतो, मला राग आला होता. कोवळी ज्वारी खाऊन मेंढीला विषबाधा झाली तर काय करायचं, हे त्यांच्याइतकं नीट कुणी लिहिलं नव्हतं. ते पुसायला हात धजेना. त्यांची समजूत घालू, निदान आजारांचं तरी ठेवून घेऊ, असं म्हणत मी दोन दिवस घालवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघे जण दुकानात आले. जंताचं औषध मागितलं, पण बाटलीकडे पाहिलंही नाही. एकाने मोबाइल काउंटरवर ठेवला. त्यावर गायरानाची पोस्ट उघडी होती. हे लिहिणारा कोण, असं त्याने शांतपणे विचारलं. मला माहीत नाही, असं मी म्हणालो आणि बाटली कागदात गुंडाळू लागलो. ते औषध न घेताच गेले.

ते जाताच मी मामांची एकूण एक पोस्ट उडवली. मग पाहिलं तर त्यांना आलेली उत्तरं तशीच होती. प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला गावाचं नाव आणि पुढे मामा. काहींनी तर त्यांचं लिखाण जसंच्या तसं उतरवून खाली वाहवा केली होती. आमच्या ज्या रीतीचं मला एवढं कौतुक, तीच त्यांचा पत्ता सांगत होती. उत्तरं दुसऱ्यांची होती, त्यांना विचारायला हवं होतं. मी कुणालाही न विचारता सगळं पुसलं.

पुढे पाच दिवस मामांचा फोन बंद. गावात जाऊन चौकशी करायची माझी हिंमत झाली नाही. सहाव्या दिवशी त्यांचाच फोन आला.

पुढाऱ्याने त्यांना घरी बोलावून समोर छापलेले कागद टाकले होते. मी दोन दिवस ठेवून घेतलेलंच सगळं, उत्तरांसकट. वाचून दाखव, असं पुढारी म्हणाला. मामांनी सांगितलं, मला अक्षरओळख नाही. ते खरं होतं आणि अख्ख्या गावाला माहीत होतं. मामा फोनपुढे बोलायचे आणि फोन लिहून घ्यायचा. उत्तरं सून वाचून दाखवायची. मलाही हे तेव्हाच कळलं. फोनपुढे बोलूनही लिहिता येतं हे पुढाऱ्याला सुचलं नाही, म्हणून मामांना सोडलं होतं. मला एकदम हलकं वाटलं.

"पर ते म्हणले, मंग ह्ये त्या औषधवाल्याचंच काम हाय," मामा म्हणाले. "मी गप बसलो. तुमी चार दिस दुकान उघडू नका."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, खरं सांगून टाकायचं होतं ना."



"सांगू का मंग?" त्यांनी विचारलं.

नको, असं म्हणायला मला फार वेळ लागला.