गाळून उरलेलं पाणी

मच्छे गावच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करायचं काम शिकत होते, तेव्हा पहिला आठवडा मी नुसती बघतच राहिले. टाकीच्या तळातून हवा सोडलेली असायची आणि तपकिरी पाणी दिवसभर उकळल्यासारखं हलायचं. शिकवणारे अण्णा त्यातलं थोडं काचेच्या उंच भांड्यात घेऊन अर्धा तास ठेवायचे. गाळ ढगासारखा खाली उतरायचा, वर नितळ पाणी राहायचं. बघता बघता माझे डोळे जड व्हायचे.

"ह्यो नुसता गाळ न्हाय, जिवंत जंतू हैत. घाण खात्यात," अण्णा म्हणाले. "खाली बसलं की परत टाकीत सोडायचं. का, सांग बघू?"

आमचं निपाणीकडचं जैन घर. आई विहिरीचं पाणी फडक्यातून गाळते, मग फडकं उलटं करून धुते आणि ते धुवण कळशीतून, दोरानं, त्याच विहिरीत सोडते. त्यात जीव असतात म्हणून. शाळेला उशीर व्हायचा, मला लई राग यायचा.

"त्यांचं घर तिथंच हाय म्हणून," मी म्हणाले.

अण्णा हसले. "पेपरात असलं लिहू नको गं."

रविवारी आईला सगळं सांगितलं. ती खूश झाली. "आणि शेवटी?"

"शेवटी क्लोरीन. उरलेले जंतू मारायला."

तिनं धुवणाची कळशी माझ्याकडे सरकवली.

मी दोर इतका सावकाश सोडला, की कळशी पाण्याला टेकल्याचा आवाजसुद्धा आला नाही.