न तपासलेलं कार्ड

कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर घेणं हा आमच्या घरात एक विधीच होता, आणि मला त्याचा मनापासून कंटाळा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात माझंही बोट आहे.

माझे वडील, अण्णा, यशवंतपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. तिथं पंपांचे सुटे भाग बनत. तयार झालेला प्रत्येक भाग अण्णांच्या टेबलावर यायचा, ते गेज लावून बघायचे आणि दोनपैकी एकच शब्द बोलायचे. पास, नाहीतर रिजेक्ट. रिजेक्ट झालेल्या भागाला लाल रंग फासायचा, वर हातोड्याचा एक घाव घालायचा आणि त्याच दिवशी भंगारात टाकायचा. "ठेवलं की कुणीतरी चुकून उचलतं आणि पुढं पाठवतं," असं ते सांगायचे. पस्तीस वर्षं हे करून आलेला माणूस घरी वेगळा कसा वागणार? आमच्याकडे कोथिंबिरीची जुडीसुद्धा तपासूनच आत यायची.

निवृत्त होताना खात्यातल्या लोकांनी त्यांना डिजिटल कॅमेरा भेट दिला. तेव्हापासून घरात काही कार्य असलं की फोटो अण्णाच काढणार हे ठरून गेलं. फोन सगळ्यांकडे होते, पण अण्णा कॅमेरा घेऊन उभे राहिले की बाकीचे मुकाट्यानं हात आवरून बसत. त्यांच्यासमोर फोन काढायची छाती कुणाची नव्हती. माझीही नव्हती.

मी लग्नानंतर मारतहळ्ळीला राहायला गेले होते. रविवारी दोन बस बदलून बनशंकरीला आईवडिलांकडे यायचं, जेवायचं आणि मग कॉम्प्युटरपुढं बसायचं. आईनं जुन्या साडीचं शिवलेलं कापड त्यावरून बाजूला करायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड काढून रीडरमध्ये घालायचं, फोटो आत यायची वाट बघायची. अण्णा माझ्या खुर्चीमागं, हात पाठीशी बांधून उभे. मी एकेक फोटो मोठा करायची आणि मागून आवाज यायचा, पास. पास. रिजेक्ट. रिजेक्ट म्हटलं की मी तो पुसायची, तोही कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यात न जाता थेट कायमचा जाईल असा, दोन बटणं एकदम दाबून. कुठं भंगार साठवायचं नाही, हा कारखान्याचा नियम. सगळं झालं की कार्ड फॉरमॅट करून, पुसून, पुन्हा कॅमेऱ्यात. मी सॉफ्टवेअरमध्ये चांगल्या हुद्द्यावर होते, पण त्या खुर्चीत माझं काम फक्त बोटाचं.

रिजेक्ट कशाला म्हणायचं ते पक्कं होतं. डोळे मिटलेले, तोंड उघडं, मान वळलेली, हललेला. आणि आई या सगळ्यात बसायची. ती कधी गप्प उभी राहिलीच नाही. फोटो काढताना कुणाला तरी पाणी दे म्हणायची, कुणाच्या तरी ताटात काय नाही ते बघायची, हात वर करून कुणाला तरी बोलवायची. त्यातून तो कॅमेरा संथ. बटण दाबल्यावर क्षणभरानं फोटो निघायचा आणि तेवढ्यात आई दोन पावलं पुढं गेलेली असायची.

"स्वल्प हलू नको ग!" अण्णा ओरडायचे. स्वल्प म्हणजे जरा; कारखान्यातली कानडी घरातही यायची.

"मी काय देवळातली बनशंकरी आहे काय, न हलायला?" आई म्हणायची, तीही हलतच.

एकदा मी म्हटलं होतं, "अण्णा, हा राहू दे की. आई छान हसतेय."

"हात बघ. हात आहे का तो? धूर आहे."

"टाक ग ते उडवून," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "मला काय भिंतीवर बसायचंय?"

मी उडवला. तिनंच सांगितलं म्हणून माझ्या मनाला काही लागलंही नाही, आणि आजही मी स्वतःची समजूत त्याच वाक्यानं घालते.

मग अण्णांना मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांत. ऑपरेशनची तारीख ते पुढं ढकलत राहिले. त्याच दिवसांत मावशीच्या नातवाचं बारसं झालं आणि अण्णांनी तिथं अंदाजानंच फोटो काढले. पुढच्या रविवारी मी कापड बाजूला करायला गेले तर म्हणाले, "आता नको. डोळा होऊ दे. न तपासलेला माल मी आत घेत नाही." मला बरंच वाटलं, एक रविवार सुटला. कार्ड कॅमेऱ्यातच राहिलं.

पाच आठवड्यांनी, ऑपरेशनला आठ दिवस असताना, आई गेली. सकाळी कॉफी गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. मी मारतहळ्ळीहून पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

चौथ्या दिवशी मावशी म्हणाली, "तेराव्याला फोटो लागेल. एक चांगला निवडून फ्रेमला दे."

मी कॉम्प्युटर लावला. अण्णांच्या हाताखालून गेलेले हजारो फोटो होते, सगळे स्वच्छ, ठाशीव. माझ्या लग्नाचे, बारशांचे, मुंजींचे, गणपतीचे, शेजाऱ्यांच्या नव्या स्कूटरचे. त्यांत आई नव्हती. म्हणजे होती, पण कुठं पाठ, कुठं पदर, कुठं कुणाच्या तरी खांद्यामागं अर्धा कान. मी दोन दिवस तेच बघत बसले. नातेवाइकांना विचारलं, तर त्यांच्याकडे अण्णांनीच पेन ड्राइव्हवर भरून दिलेले फोटो, पास झालेले. माझ्या फोनमध्ये आईनं वाढलेली ताटं होती, आई नव्हती. तिच्या लग्नातला एक काळापांढरा फोटो होता, त्यात ती एकोणीस वर्षांची आणि घाबरलेली. आधार कार्डावरचा होता, त्यात पोलिसांनी धरून आणल्यासारखी. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. अण्णांवर, माझ्यावर, आणि खोटं कशाला बोलू, आईवरही. एवढं काय अडलं होतं, एकदा नीट उभं राहायला?

कॉम्प्युटरची डिस्क काढून मी पुसलेले फोटो परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात नेली. त्यानं दोन दिवस ठेवून घेतली आणि मान हलवली. "होयतु, मॅडम," म्हणाला. गेलं. पुसलेल्या जागेवर नवे फोटो बसले, त्यावर आणखी नवे, आता खाली काही उरलं नाही. मी त्याच्याशी उगीच भांडले. तो बिचारा ऐकून घेत राहिला.

उरलं फक्त ते न तपासलेलं कार्ड.

पण कॅमेऱ्याची बॅटरी पार उतरलेली होती, आणि चार्जर कुठं आहे ते एकट्या आईला माहीत होतं. कार्ड काढून ऑफिसच्या लॅपटॉपला लावायचं म्हटलं, तर आमच्या कंपनीनं बाहेरचं काहीही लावायला बंदी घातलेली. घरचा रीडरही सापडेना. आम्ही स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडला. रव्याच्या डब्यामागं लवंगा, लवंगांच्या डब्यात माझे शाळेतले बिल्ले, हुकांची पुडी, एक जुनी किल्ली. कुठं काय ठेवायचं याचा तिचा काही हिशेब असणार, तो तिच्याबरोबर गेला. शेवटी रीडर शिलाई मशीनच्या खणात मिळाला, रुमालात गुंडाळून ठेवलेला. चार्जर आजतागायत मिळालेला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी मी कार्ड रीडरमध्ये घातलं. पडद्यावर एक चौकट आली. हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावं लागेल, करायचं का? आणि माझं बोट सवयीनं 'हो'कडे गेलं. इतक्या वर्षांची सवय, कार्ड म्हटलं की शेवटी फॉरमॅट. मी हात झटक्यानं मागं घेतला.

"काय म्हणतंय?" अण्णांनी विचारलं. त्यांना पडद्यावर फक्त उजेड दिसत होता.

"वाचता येत नाही म्हणतंय. पुसू का विचारतंय."

"स्वल्प थांब. इकडं दे."

त्यांनी कार्ड हातात घेतलं, अंगठ्यानं चाचपून त्याच्या पितळी पट्ट्या शोधल्या. देवघराच्या खणातून पेन्सिलीचं खोडरबर आणायला सांगितलं आणि प्रत्येक पट्टीवरून ते हलक्या हातानं फिरवलं, मग धोतराच्या सोग्यानं पुसलं. डोळ्यांनी काही दिसत नसताना तो माणूस इतक्या सावकाश काम करत होता की मला बघवेना. कार्ड पुन्हा घातलं. चौकट आली नाही. हिरवी पट्टी सरकू लागली, मध्येच अडली, तेव्हा मी देवाचं नाव घेतलं, जे मी एरवी घेत नाही. मग ती पुन्हा सरकली.

एकसष्ट फोटो होते. आई फक्त एकात होती. पाळण्याच्या पलीकडे, हातात घुगऱ्यांची वाटी, मान अर्धी वळलेली, तोंड उघडं, कुणाला तरी काहीतरी सांगत. वाटीचा हात म्हणजे नुसता धूर.

अण्णा खुर्चीमागं उभे होते, नेहमीच्या जागी. "आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"हललीय का?"

मी फोटो आणखी मोठा केला.

"मला सगळंच हललेलं दिसतं ग आता," ते म्हणाले. "तूच बघून सांग."

इतक्या वर्षांत त्यांनी तपासणी पहिल्यांदा माझ्या हातात दिली होती. मी पडद्याकडे बघत म्हटलं, "पास, अण्णा."

"सरी. बरं," ते म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

फ्रेमवाल्यानं फोटो बघून कपाळाला आठ्या घातल्या. "शेक आगिदे, अक्का. बेरे कोडी." हललाय, दुसरा द्या. मी म्हटलं, दुसरा नाही. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि माप घेतलं. तेराव्याला आलेले लोक फोटोला हार घालताना क्षणभर थबकायचे. एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलंच, "बरा नव्हता का मिळाला ग एखादा?" मी त्यांना लाडू वाढला.

महिनाभरानं अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी निघाली, काळा चष्मा लागला, आणि आठवड्यानं तोही घरात काढायची परवानगी मिळाली. तो रविवार होता. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि बैठकीच्या खोलीत फ्रेमसमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीशी. मी दारात उभी होते. माझं खोटं आता उघडं पडणार होतं. ते ओरडले असते तर मला चाललं असतं, मीही ओरडले असते, बरंच काही साठलं होतं.

त्यांनी आधी वाटीचा हात बघितला, नंतर चेहरा. मग म्हणाले, "हललाय."

"हो."

"तोंड उघडं आहे."

"हो, अण्णा."

"अशीच होती ग ती," ते म्हणाले. "अगदी अशीच." आणि मग माझ्याकडे वळून, "असले किती काढले होते मी?"

मला माहीत नव्हतं. कारखान्यात ते रिजेक्ट झालेल्या एकेका भागाची नोंद ठेवायचे, इथं कुणी ठेवली नव्हती. मी म्हटलं, पुष्कळ.

"कॉम्प्युटर लाव."

"अण्णा, मी दुकानात दाखवून आणलंय. काही राहिलेलं नाही."

"तू लाव."

मी कापड बाजूला केलं, कॉम्प्युटर लावला. ते या वेळी मागं उभे राहिले नाहीत, दुसरी खुर्ची ओढून शेजारी बसले. कचऱ्याचा डबा उघड म्हणाले. मी उघडला. पांढरी, मोकळी चौकट पडद्यावर आली. वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी ती तशीच राखली होती. "रिकामा आहे," मी म्हटलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले आणि नव्या डोळ्यानं ती चौकट एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तपासू लागले.