बेचाळीस बाटल्या जळवा

१९९५ च्या ऑगस्टमधल्या एका रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास, बेलापूरच्या आमच्या घरातल्या बेचाळीस बाटल्यांपैकी एकोणतीस बाटल्यांमधल्या चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. बाटल्यांत हिमालयातून आणलेल्या, स्पिरिटमध्ये ठेवलेल्या जळवा होत्या. चिठ्ठ्यांवर जागा आणि समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती. या एकोणतीस चिठ्ठ्या त्याच आठवड्यात, गुरुवारी, मी लिहिल्या होत्या.

बाटल्या माझ्या मोठ्या बहिणीच्या होत्या. ती एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत असे आणि त्याच विषयात पीएच.डी. करत होती. डोंगर चढत जाताना जळवा कशा बदलतात, कुठली जात कुठवर सापडते आणि कुठे संपते, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी आदल्या पावसाळ्यात तिनं बिनपगारी रजा घेतली आणि कुमाऊँतल्या एका खोऱ्यात नऊ आठवडे काढले. खालच्या भातखाचरांपासून वरच्या तळ्यापर्यंत ती एका हमालाला सोबत घेऊन तीनदा चढली-उतरली.

घरात आम्ही तिघं होतो. आई, ती आणि मी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाटल्या स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर असत. तिथं पूर्वी आईच्या बरण्या होत्या. जेवताना त्या समोरच दिसायच्या, त्यामुळे विषय निघायचाच.

"खाली जंगलात पानापानावर उभ्या असतात," ताई सांगायची. "माणसाची चाहूल लागली की सगळ्या एकदम तोंड वळवतात. वर झाडं संपून गवत लागलं, की रक्त पिणाऱ्या विरळ होत जातात. आणखी वर थंडीनं नाहीशाच होतात."

"मग त्याच्या वर काहीच नाही?" आई विचारायची.

"पाण्यात असतात. दगडांखाली. त्या माणसाच्या वाटेला जात नाहीत. गोगलगायी खातात."

"त्या तुझ्या वाटेला जात नाहीत, मग तू कशाला त्यांच्या वाटेला गेलीस?"

एक जात गुरांच्या नाकात राहते, असं तिनं एकदा सांगितलं. गाय झऱ्यावर पाणी प्यायला वाकली की ती आत शिरते आणि कित्येक आठवडे तिथंच राहते. त्या दिवशी आई पानावरून उठली.

तिच्या सगळ्या कामात तळ्याची बाटली महत्त्वाची होती. तिथल्या दगडांखाली तिला पाच लहान, फिकट, चपट्या जळवा मिळाल्या होत्या. तिच्या माहितीप्रमाणे त्या खोऱ्यात इतक्या उंचीवरची जळवांची नोंद कुणी केलेली नव्हती. चार-साडेचार हजार फूट खाली, एका गावाच्या डबक्यात, तशाच दिसणाऱ्या आणखी पाच मिळाल्या होत्या. दोन्ही एकच जात असेल, तर ती जात फार मोठ्या उंचीच्या पट्ट्यात जगते. दोन वेगळ्या असतील, तर तळ्याची जळू तळ्याचीच. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या दोन बाटल्यांवर उभं होतं.

मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. आमच्या टेबलावर शिसपेन्सिलीला मज्जाव होता. पेन्सिलीनं लिहिलेलं कुणीही खोडू शकतं, मग चूक कुणाची ते ठरत नाही, असं पहिल्याच आठवड्यात शिकवलं जाई. छपाईसाठी शिशाचे खिळे जुळवायचे दिवस संपले, संगणक आले, तरी नियम टिकून होता. ताईच्या चिठ्ठ्या पेन्सिलीच्या होत्या. ओल्या हातांनी, गुडघ्यावर वही ठेवून लिहिलेल्या. काही पुसट, काही दुमडलेल्या. पुढच्या शनिवारी तिचे मार्गदर्शक बाटल्या बघायला घरी येणार होते.

"तुझं अक्षर चांगलं आहे, तिच्या चिठ्ठ्या लिहून दे जरा," आई बुधवारी म्हणाली. ताईला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. गुरुवारी ती कॉलेजात होती आणि माझी पाळी दुपारची होती. सकाळी आठला मी बसलो. जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या. एकेक बाटली उघडून, चिमट्यानं जुनी चिठ्ठी काढून, बॉलपेननं नवी लिहून आत सोडली. एकोणतीस झाल्यावर निघायची वेळ झाली. जुन्या चिठ्ठ्या मी एका पाकिटात घातल्या आणि पाकिटावर तारीख टाकली. मूळ प्रत आठ दिवस ठेवायची, हाही आमच्याकडचा नियम होता. उरलेल्या तेरा रविवारी करायच्या ठरवल्या. ताईला ते झाल्यावरच दाखवायचं होतं.

रविवारी फळीवरची पहिली बाटली खाली घेतली तेव्हा आतलं स्पिरिट फिकट निळं दिसलं. चिठ्ठी पांढरी होती. दुसरीही तशीच. मी ताईला हाक मारली.

तिनं चार बाटल्या उजेडात धरल्या. "कशानं लिहिलंस?"

"बॉलपेननं."

"स्पिरिटमध्ये?"

मी खिशातलं पेन काढून दाखवलं.

"अरे, शाई विरघळते यात. म्हणून तर पेन्सिल. पहिल्या वर्षाच्या पोरांना सांगते मी हे." मग तिनं हळू आवाजात विचारलं, "जुन्या फेकल्यास?"

"नाही. सगळ्या आहेत." मी पाकीट पुढं केलं.

तिनं ते उघडलं. एकोणतीस चिठ्ठ्या होत्या. कुठली कुठल्या बाटलीतली, हे कशावरही नव्हतं. पावसात चिकटपट्टी टिकत नाही, म्हणून बाटल्यांवर बाहेरून आकडे घातलेले नव्हते.

"म्हणजे उंच्याही आहेत आणि जळवाही आहेत," ती म्हणाली. आईनं गॅस बंद केला.

सोमवार ते बुधवार तिनं रजा टाकली. सगळ्या बाटल्या जमिनीवर वर्तमानपत्रांवर मांडल्या. मी दाबून लिहितो, त्यामुळे काही पट्ट्यांवर पेनाचे खळगे उरले होते. खिडकीशी तिरप्या धरून नऊ वाचता आल्या. बाकीच्या फुगून सपाट झाल्या होत्या. तिच्या टिपणवहीत प्रत्येक जागेचं वर्णन होतं: रंग, पाठीवरचा पट्टा, किती मिळाल्या. त्यावरून चौदा बाटल्या लागल्या. आणखी चार नुसत्या संख्येवरून. दर बाटलीगणिक ती वही, चिठ्ठी आणि भिंग असं तीनदा बघायची. मला हात लावू देत नव्हती. मी उठायचो, गॅलरीत जायचो, परत यायचो.

"बस तरी, नाहीतर जा तरी," ती म्हणाली.

मंगळवारी करावे गावातली मासळीवाली दारात आली. टोपली उतरवून तिनं आत डोकावलं. "जलवा हान का गो या?"

"हो मावशी."

"आमचे तल्यान म्हशींना लागतान. कुठशी आनल्यास?"

"हिमालयातून," आई म्हणाली.

"एवऱ्या लांबशी? माना सांगितला असतास तं टोपली भरून दिल्या असत्या. तुमी शिकलेली मानसा पन कमाल हाव!" ताई तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. मग तिनं बोंबील घेतले का, हे आठवत नाही.

बुधवारी संध्याकाळी दोन बाटल्या आणि दोन चिठ्ठ्या उरल्या. तळं आणि डबकं. दोन्हींत पाच-पाच, दोन्ही फिकट, दोन्ही चपट्या. वहीतली वर्णनं जवळजवळ सारखी होती. गुरुवारी तिनं कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पाहिल्या. डोळ्यांच्या मांडणीत थोडा फरक वाटला. पण फरक असला तरी कुठली कुठली, हे त्यातून कळणार नव्हतं.

शनिवारी मार्गदर्शक आले. साठीच्या आसपासचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चाळीस बाटल्या पाहिल्या, मान डोलावली. मग शेवटच्या दोन हातात घेतल्या. ताईनं काय झालं ते सांगितलं. चिठ्ठ्या कुणी लिहिल्या, हे सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

"तुम्ही वर्तमानपत्रात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला कळेल. ठिकाण नाही, तर बातमी नाही." ते ताईकडे वळले. "बाई, ही जळू नव्हे आता. हे लोणचं आहे."

"अंदाजानं..." आई मध्येच म्हणाली.

"अंदाजानं लिहिलं तर बरोबर यायची शक्यता निम्मी," ते म्हणाले. "तेवढ्यावर सही करत नाही मी." चहा संपवून ते उठले. दारात चपला घालताना म्हणाले, "बर्फ पडायच्या आत पुन्हा जाता आलं तर बघा."

ताईनं पुन्हा बिनपगारी रजेचा अर्ज केला. प्राचार्यांनी आधी नाकारला. दुसऱ्यांदा सतरा दिवस दिले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ती निघाली. मी बरोबर येतो म्हणालो.

"तू आलास तर मला तुझ्यावरही लक्ष ठेवावं लागेल," ती म्हणाली. हे रागानं म्हणाली नव्हती, पण थट्टाही नव्हती.

घरी फोन नव्हता. कार्यालयातला फोन क्रमांक मी तिला दिला होता. चौथ्या दिवशी माझ्या टेबलावर सहकाऱ्यानं लिहून ठेवलेली चिठ्ठी मिळाली: "बहीण पोचली. उद्या वर जाते." त्यानंतर आठ दिवस काही आलं नाही. त्या दिवसांत वृत्तसंस्थेच्या तारांमधल्या उत्तरेकडच्या हवामानाच्या सगळ्या बातम्या मी स्वतःकडे घेतल्या. सहाव्या दिवशी तीन ओळी आल्या. कुमाऊँत वरच्या भागात अवेळी हिमवृष्टी, दरड कोसळून एक रस्ता बंद. रस्त्याचं नाव नव्हतं. वृत्तसंस्थेला फोन लावून विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्या बातमीला एक कॉलमी मथळा दिला आणि आतल्या पानावर लावली.

आई बातम्या वाचत नसे. ती रोज विचारायची, "काही आलं?" मी नाही म्हणायचो. सकाळी घरात बसवत नसे. सेक्टरच्या मागून पारसिकच्या डोंगराच्या उतारापर्यंत चालत जायचो आणि परत यायचो. एकदा आई म्हणाली, "इथल्याच डोंगरावर शोधल्या असत्या तर?" मी तिला उंचीचा मुद्दा सांगायला लागलो. "माहीत आहे मला," ती म्हणाली. "वर्षभर ऐकतेय."

नवव्या दिवशी दुपारी फोन आला. मी स्वतः उचलला. आवाज लांबून आणि तुटक येत होता.

"खाली आले. ठीक आहे."

"तळं?"

"पोचले. दोन दिवस होते. काठाला बर्फ होतं. दीडेकशे दगड उलटले."

"आणि?"

"एकही नाही."

"डबक्याच्या?"

"डबकं बुजवलंय. शाळेची खोली बांधतायत तिथं."

मी विचारलं, तळ्यात त्या नाहीतच, असं आता म्हणता येईल का.

"नाही मिळाल्या म्हणजे नाहीत, असं होत नाही," ती म्हणाली. "खोल गेल्या असतील थंडीत. पैसे संपले, ठेवते."

ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परत आली. डाव्या पायाच्या दोन बोटांना हिमदंश झाला होता. तो पुढं बरा झाला. हमालानं तिला वर जाऊ नका म्हटलं होतं, हे तिनं आईला नंतर कधीतरी सांगितलं. मला सांगितलं नाही.

मार्गदर्शकांनी शेवटचं प्रकरण काढायला लावलं. दोन बाटल्यांमधल्या जळवा वेगळ्या जातींच्या आहेत, असं एका तज्ज्ञानं पुढं कळवलं. कुठली कुठं राहते, हे त्यांनाही सांगता आलं नाही. १९९७ मध्ये प्रबंध सादर झाला आणि मान्य झाला. त्यातल्या नकाशावर तळं दाखवलेलं आहे. जातींच्या आणि उंचीच्या तक्त्यात ते नाही.