कालव्यावरच्या नर्सबाई

नर्सबाई पळायच्या, असं आम्ही म्हणायचो. बघणाऱ्याला ते पटायचं नाही. बारामतीत कालव्याकडेच्या रस्त्यावरून सकाळी उसाची बैलगाडी निघाली, की ती बाईंना सहज मागे टाकून जायची. बाईंना त्याची लाज नव्हती. "त्यांच्या मागं चाबूक हाय," त्या म्हणायच्या. "माझ्या मागं कोण हाय?"

खरंच कोणी नव्हतं. नवऱ्याने तरुणपणीच दुसरीकडे संसार थाटला होता, मूलबाळ नव्हतं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना साखरेसाठी चालायला सांगितलं, तर या साडी पोटरीपर्यंत खोचून, पायात पुरुषी बूट घालून पळायलाच लागल्या. कारण विचारलं तर म्हणत, "चालताना बायका गाठत्यात आन् सुनांचं गाऱ्हाणं सांगत बसत्यात." माणसं टाळायला म्हणून बाई पळायला लागल्या, आणि त्यांच्या मागे एकेक करत माणसंच गोळा झाली.

मी त्यांना सापडले ते माझा नवरा गेल्यावर. इंदापूर रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं होतं. त्यानंतर घरी जो येई तो चहा पिई, उसासा टाकी आणि "आता मुलीकडं बघून जगायचं" असं सांगून जाई. मी मुलीकडे इतकं बघितलं की ती वैतागली. माझं फॉल-पिकोचं दुकान होतं. त्याचं शटर मी अर्धंच वर करायचे, म्हणजे कोणी येऊ नये. नर्सबाई एक दिवस त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत आल्या, कंबर धरून सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "माल चोरीचा हाय का?"

मला कितीतरी दिवसांनी हसू आलं, आणि हसता हसता रडू फुटलं. बाईंनी आधी माझ्या हातातली गिऱ्हाइकाची साडी काढून घेतली. "डाग पडतील. उद्या पहाटं कालव्यावर ये. रडायचं तर तितं रड. घामात कुणाला कळत न्हाय."

मी गेले. विजेच्या दोन खांबांच्या अंतरातच मला धाप लागली. पण कोणी काही विचारलं नाही, हे मला फार बरं वाटलं. नागपूरहून बदलून आलेला, गावात कोणालाच न ओळखणारा एक बँकवाला होता. मुलगा गमावलेले गायकवाड सर होते. दारू सोडायला निघालेला एक ट्रॅक्टर मेकॅनिक होता. बाईंनी प्रत्येकाचं बारसं केलेलं होतं. मी झाले 'पिको'. मेकॅनिकला त्या सरळ 'बाटली' म्हणायच्या. राग येत नाही का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "गावात समदीच म्हणत्यात, पण पाठीमागं. ह्या तोंडावर म्हणत्यात."

माझ्या चुलत सासूबाईंना हे पळणं सहन झालं नाही. नवरा जाऊन वर्ष झालं नाही आणि ही रस्त्यावर उड्या मारते, असं त्या भाजी मंडईत चार लोकांसमोर म्हणाल्या. नर्सबाई शेजारी वांगी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिचा नवरा गेलाय. पाय न्हाय गेलं." पुढे त्यांनी वांग्याच्या भावावरून घासाघीस सुरू केली, जणू मधे काही घडलंच नाही.

एकदा बाटली आला नाही. बाई आमची सगळी वरात त्याच्या दारात घेऊन गेल्या. रात्रीची उतरली नव्हती, तो बाजेवर पालथा पडला होता. त्याची बायको आम्हाला बघून शरमेने आत पळाली. आता बाई याला झाडणार, असं आम्हाला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बूट घाल."

"चालता यायचं न्हाय, बाई."

"मग आमी हितंच पळतो."

आणि आम्ही त्याच्या अंगणात जागच्या जागी पळायला लागलो. कोंबड्या उधळल्या, शेजारीपाजारी जमले, गायकवाड सरांचा चष्मा शेणात पडला. बाटलीची आई उंबऱ्यात बसून आधी रडत होती, ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. शेवटी बाटली उठला आणि उलटेसुलटे बूट घालून बाहेर आला. त्या दिवशी आम्ही त्याला मधे धरून कालव्यापर्यंत नुसते चालत गेलो. तो पुन्हा घसरला का? घसरला. पुन्हा कोंबड्या उधळल्या. हळूहळू त्या उधळेनाशा झाल्या.

मग साखरेने बाईंची किडनी खाल्ली. पळणं बंद झालं तेव्हा त्या पुलावर बसून राहायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घालायच्या. तेही झेपेना, तसा भाचा त्यांना बावड्याला, आपल्या गावी घेऊन गेला. गाडीत बसताना आमचे चेहरे बघून त्या वैतागल्या. "रडताय काय? मी मेले न्हाय, बावड्याला चाललेय."

दोन-अडीच महिन्यांनी आम्ही कालव्यावर असतानाच भाच्याचा फोन आला. आम्ही होतो तसेच सरांच्या जीपमध्ये बसलो आणि बावड्याला पोचलो. अंगण पाहुण्यांनी भरलेलं. सगळे पांढऱ्या टोप्यांत आणि फिक्या साड्यांत, आणि आम्ही भडक टी-शर्टात, घामट, चिखलाच्या बुटांनी दाराशी उभे. भाचा आत तिरडीपाशी होता, बाहेर आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. एका म्हाताऱ्याने आम्हाला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "तुमी कुठली मंडळी? दवाखान्यातली का?"

 

बाटली म्हणाला, "घरची."

 म्हातारा आवाज उतरवून म्हणाला, "मग लांब का उभं ऱ्हायला? पुढं व्हा."

बाटली पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. त्याच्या मागची जागा रिकामी होती. मी बूट काढले आणि तिथे जाऊन उभी राहिले. मला कोणी अडवलं नाही.