डोळ्यातली हवा

"फुस्सकन हवा मारली डोळ्यात! वर मलाच म्हणते, प्रेशर वाढलंय. अगं, हवा मारल्यावर वाढेल नाही तर काय उतरेल?"

पंक्चरतात्या दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बायकोवरच तापले होते. उभा जन्म सायकलींत हवा भरण्यात गेलेला माणूस; हवेच्या बाबतीत त्यांना कोण शिकवणार? मघाशी आत डॉक्टरीणबाईंनी त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवली, डोळ्यावर फुंकर सोडली आणि आकडा बघून कपाळाला आठी घातली. तात्यांनी तिथंच निदान केलं: बाईंचा हात जड आहे.

प्रेशर उतरायला बाईंनी दिलेले नवे थेंब दुकानात पान्यांच्या डब्यात जाऊन पडले. जास्तीची हवा आपोआप उतरते, म्हणून तात्या कामाला लागले. जुने थेंब मात्र चालूच होते. मागे ट्यूब घासताना रबराचा कीस डोळ्यात गेला होता, बुबुळावरचा काचेसारखा पडदा सुजला होता, तेव्हाचे हे थेंब. सूज उतरली की बंद करा, असं बाईंनी बजावलं होतं. पण ते घातले की असं गार वाटायचं, की तात्यांना त्यांची तलफच लागली. बाटली संपली की दुसरी.

एक दिवस दूधवाला पंक्चर काढलेली सायकल घेऊन परत आला. "तात्या, भोक इथं आणि ठिगळ तिथं! भोकाला सोबत दिलीत का?"

तात्या हसले. पण घरी जाताना त्यांचा खांदा विजेच्या खांबावर आदळला आणि त्यांनी खांबालाच झापलं, "दिसत नाही का रे?"

मागून बायको येत होती. "दिसत नाही ते तुम्हाला! चला दवाखान्यात."

बाईंनी पुन्हा फुंकर मारून आकडा पाहिला. "अजून चढलंय. थेंब घालता ना?"

"पान्यांना घालतात," बायको म्हणाली.

"हवा तुम्ही मारायची आणि थेंब मी घालायचे?" तात्या उसळले.

बाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा हसता हसता त्यांना चष्मा काढावा लागला. "बरं, पुन्हा मारते. मी भरत असेन तर आकडा चढेल."

फुस्स. आकडा तोच. फुस्स. तोच. तात्यांनी वाकून आकडा स्वतः पाहिला.

"म्हणजे हवा आतलीच?"

"हवा नाही, पाणी. आत तयार होतं आणि बाहेर जायची वाट तुंबलीय. दुसरे कुठले थेंब चालू आहेत?"

बायकोनं पिशवीतून जुनी बाटली काढून टेबलावर आपटली. बाईंचं हसू मावळलं. त्यांनी कडेला बोट हलवून तात्यांची नजर तपासली. "हे सूज उतरवतात, पण फार दिवस घातले की काहींचं प्रेशर चढवतात. आजपासून बंद. कडेची नजर गेली ती गेली, तात्या. उरलेली राखायची."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "ट्यूबचं भोक दिसेल ना?"

"नवे थेंब घातलेत तर."

"किती दिवस?"

उत्तर बायकोनंच दिलं. "सायकल आहे तोवर हवा बघावीच लागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात तात्या स्टुलावर मान मागे टाकून बसले. बायकोनं एकेक थेंब सोडला. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

"ऑयलिंग झालं का तात्या?"

"डोळे मिटायला सांगितलेत, कान नाही. चाक काढ."

थोड्या वेळानं त्यांनी ट्यूब पाण्यात बुडवली आणि कडेचं दिसावं म्हणून अख्खी मान वळवत ती हळूहळू फिरवू लागले. बुडबुडा आला. त्यावर बोट दाबून धरत तात्या ओरडले, "खडू दे आधी, भोकाला खूण करतो! ठिगळ मग."