आतून कडी

फिनलंडहून आल्यापासून साळवे सर शिकवताना वर्गाला आतून कडी लावायचे. वरच्या ऑफिसला पाठवायची माहिती मागायला कुणी दार वाजवलं, की आतूनच सांगायचे, "मधल्या सुट्टीत या."

कन्नडजवळच्या आमच्या सरकारी शाळेत ते तिसरीला, मी चौथीला. दहा दिवसांच्या अभ्यासदौऱ्यासाठी त्यांची निवड झाली, तेव्हा शहरातल्या गुलमंडीच्या बाजारातून त्यांना स्वेटर मीच आणून दिला होता. परतल्यावर त्यांनी पारावर गावाला फिनलंड सांगितलं. मूल सातव्या वर्षी शाळेत जातं, मोठी परीक्षा पार शेवटी, जेवण शाळेतच. एका आजोबांनी विचारलं, मग मास्तर दिवसभर करतो काय? सर म्हणाले, "शिकवतो. तिथं त्याला दुसरं कामच नाय."

हे वरच्या साहेबांच्या कानावर गेलं. झालं! फिनलंडच्या शिक्षणपद्धतीवर सरांची व्याख्यानं सुरू झाली. आज पैठण, उद्या वैजापूर, आणि सगळी शाळेच्या वेळात. तिसरीची पोरं माझ्या वर्गात येऊन बसायची. दोन वर्ग, एक फळा. शिकवणार काय, कपाळ? सरांच्या वर्गातली मुक्ता अक्षरावर बोट ठेवून नुकती कुठं वाचायला लागली होती. दिवाळीनंतर ती पुन्हा नुसती चित्रं बघायला लागली. व्याख्यानं रविवारी ठेवा, असा अर्ज सरांनी तीनदा केला. उत्तर नाही. मी चिडायचो, तर म्हणायचे, "जाधव, आपण चिडून काय व्हतंय? पोरगी विसरायली ना तिकडं."

शेवटचं व्याख्यान शहरात, उस्मानपुऱ्यातल्या सभागृहात झालं. स्वागतगीत, शाल आणि श्रीफळ यातच तास गेला. मग सर माइकपुढं उभे राहिले.

"तिथं मास्तरला वर्गातून कुणी उठवत नाय. इथं समोर सगळे मास्तरच बसलेत. त्यांच्या पोरांजवळ आत्ता कोण हाय?"

एवढं बोलून ते उतरले आणि त्यांनी कन्नडची एसटी धरली.

नोटीस आली, मागोमाग बदलीही. उरलेले पंधरा दिवस सर कडी लावून मुक्ताला घेऊन बसले. निघायच्या दिवशी तिनं अर्धं पान वाचून दाखवलं. सर मला म्हणाले, "उरलेलं तुम्ही घ्या."

साहेबांना फिनलंडवर बोलणारा हवाच होता. आदेश माझ्या नावानं निघाला. मी तो देश पाहिलेला नाही, सरांचेच फोटो दाखवतो. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही, याची लाज वाटते.

मुक्ता आता चौथीत, माझ्याच वर्गात आहे. सोमवारी मला सिल्लोडला बोलावलंय. तिचं पान अजून अर्धंच आहे.