नव्या टायरांवर जामखेडचा रस्ता

कोल्हारच्या पुलावर आलो तेव्हा प्रवरेवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पुढे मी, मागे आई, आणि आईच्या दोन्ही खांद्यांवर एकेक नवा कोरा टायर. नऊवारीचा काष्टा घट्ट मारून ती मोटारसायकलीवर दोन्हीकडे पाय टाकून बसली होती. पुलावर दुधाच्या किटल्या घेऊन येणारा गावातला एक माणूस सायकलवरून उतरून बघतच राहिला.

"काकू, हार घालून कुठं निघाल्या?"

"जामखेडला," आई मोठ्यांदा म्हणाली. "भनीकडं."

आईला एसटी लागते. राहुरी येईपर्यंतही तिच्या पोटात काही टिकत नाही. त्यामुळे गेली पाच वर्षं ती जामखेडकडच्या आपल्या धाकट्या बहिणीला, माझ्या गंगूमावशीला, भेटलेली नव्हती. मावशीचं येणं तर त्याहून अवघड. पावसाळा सरला की ती आणि काका बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जात, ते थेट उन्हाळ्यात परतत. मधली दोन वर्षं दुष्काळात खडी फोडण्यात गेली. त्या साली पाऊस बरा झाला आणि टोळ्या पुन्हा निघाल्या. दिवाळीत बाजारच्या एका माणसाकडून मावशीचा निरोप आला, की यंदा टोळी लांब, कोल्हापूरच्या बाजूला जाणार आहे. भाऊबिजेनंतर दोन दिवसांनी दुपारून गाड्या हलतील. जमलं तर ये.

मी श्रीरामपूरला शाळेत मास्तर होतो. त्याच पावसाळ्यात एका कंत्राटदाराची जुनी मोटारसायकल घेतली होती. आईनं ती फक्त धुतलेली आणि पुसलेली पाहिली होती. निरोप आला त्या संध्याकाळी ती अंगणात गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "हिच्यावर उलटी व्हती का रं?"

"उघड्यावर वारं लागतं. नाही होत बहुतेक."

"मग चल की."

अडचण एकच होती. दोन्ही टायर इतके झिजले होते, की त्यांच्यावरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटे. श्रीरामपूरच्या बाजारात नवे टायर मिळाले, पण ते चढवणारा सायकलवाला मोठ्या गाडीला हात लावायला तयार होईना. नगरला चांगले मिस्त्री आहेत म्हणाला. म्हणून टायर आईच्या खांद्यावर आले. जुन्यांवर नगर गाठायचं, तिथं नवे बसवायचे आणि पुढे सुटायचं, असा बेत ठरला.

राहुरी मागे पडली. ऊन पाठीवर आलं. दोन्ही बाजूंना उसाचे हिरवे पट्टे, मध्येच एखादा कापसाचा तुकडा, चारीतून खळखळत चाललेलं कॅनॉलचं पाणी. आई प्रत्येक गोष्ट माझ्या कानात ओरडून सांगत होती. "त्यो बघ, केवढा फ्लावर लावलाय." "ती बाई बघ, म्हशीवर बसलीय." एसटीत डोळे मिटून, तोंडावर पदर धरून बसणाऱ्या माझ्या आईनं हा रस्ता आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला, हे माझ्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. विळदच्या घाटात गाडीचा आवाज जड झाला तशी ती पुढे वाकली, जणू तिच्या वाकण्यानं गाडीला जोर येणार होता. वर आल्यावर मी विचारलं, "पोटात कसं आहे?"

"भूक लागलीय," ती म्हणाली.

नगरला याकोब मिस्त्रींचं दुकान शोधायला वेळ लागला नाही. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, दाराशी जुन्या टायरांची चळत, पाण्याची टाकी. मिस्त्री पन्नाशीचे, अंगानं भरदार, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यांनी आईच्या खांद्यावरून टायर उतरवून घेतले आणि तिला बसायला खोकं दिलं.

"बसवायचे दोन रुपये चाकाला," ते म्हणाले. "तोल काढायचा तर तीन वेगळे."

"तोल म्हंजी?" आईनं विचारलं.

"चाक सगळीकडून सारखं जड पाहिजे, आई. एका बाजूला भार असला तर वेगात गाडी थरथरती. हलक्या बाजूला शिसं लावून सारखं करावं लागतं."

आईनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं. "टायर नवे, दुकानातून आनलेले. त्यांना आनि काय सारखं करायचं? अन् तोल संबाळायला माझा ल्योक बसलाय की म्होरं."

मिस्त्री हसले. मीही हसलो. दोन चाकांचे सहा रुपये मला जास्तच वाटले, आणि दुपारच्या आत पोचायचं होतं. मी म्हणालो, "राहू द्या. नुसते बसवून द्या."

"जशी मर्जी," मिस्त्री म्हणाले. "पण हळू जा."

लोखंडी पट्ट्या घालून त्यांनी जुने टायर रिमवरून सोलून काढले. साबणाचं पाणी लावून नवे आत ढकलले आणि हवा भरली. दोन्ही टायर फटाफट रिमवर बसल्याचा आवाज आला तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला. नव्या रबराचा वास, त्यावरची खोल नक्षी. चार रुपये देऊन आम्ही निघालो.

भिंगारपर्यंत सगळं झकास होतं. पुढे जामखेडचा रस्ता मोकळा झाला. मी वेग वाढवला आणि हँडल माझ्या हातात थरथरू लागलं. आधी वाटलं, रस्ताच खराब आहे. मग थरथर कोपरापर्यंत चढली, खांद्यात आली, आणि एका उतारावर पुढचं चाक असं डुलायला लागलं, की समोरून येणाऱ्या मालट्रकच्या अंगावर आपण जातोय की काय अशी धास्ती बसली. ट्रक भोंगा वाजवत खेटून गेला. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. 

आई खाली उतरली. डोक्यावरचा पदर पार मागे उडाला होता.

"हळू गेलं तर जाईल गाडी," मी म्हणालो. "पण मग गाड्या सापडायच्या नाहीत."

"अन् जोरात गेलं तर आपन सापडायचो न्हाई." तिनं पदर सारखा केला. "फिरव."

"परत नगरला? वेळ जाईल."

"जाऊ दे. मी म्हनले नसते तर तू केलंच असतं ते. फिरव."

मीही हिशेब करूनच नको म्हणालो होतो, पण तिनं ते आपल्या अंगावर घेतलं होतं आणि वाद घालायला वेळ नव्हता. मालट्रकच्या चाकांखाली जाण्यापेक्षा उशीर बरा. आम्ही बैलगाडीच्या चालीनं माघारी आलो.

याकोब मिस्त्रींनी आम्हाला लांबून पाहिलं आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. एका शब्दानंही टोमणा मारला नाही. चाक काढून त्यांनी दोन लाकडी ठोकळ्यांवर त्याचा आस टेकवला आणि हलकेच फिरवून सोडून दिलं. चाक फिरलं, मंदावलं, जरा मागे झुललं आणि थांबलं. खाली आलेल्या जागी त्यांनी खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं. खूण पुन्हा खालीच. आई खोक्यावरून उठून जवळ आली.

"मी फिरवू?"

"फिरवा की."

तिनं फिरवलं. खडू खाली येऊन थांबला. तिनं पुन्हा फिरवलं, जोरात, जणू चाकाला चकवायचं होतं. खडू खालीच. मग मिस्त्रींनी शिशाची तार घेतली, वरच्या बाजूच्या आरीला दोन वेढे दिले, आणि म्हणाले, "आता."

या वेळी खूण बाजूला थांबली. मग एक वेढा वाढला, थोडी तार कापली गेली, आणि शेवटी चाक कुठेही सोडलं तरी तिथंच उभं राहायला लागलं. आई इतकी खूश झाली, की तिनं ते सगळ्या बाजूंनी थांबवून पाहिलं. मागच्या चाकाचं होईपर्यंत आम्ही भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी, कांदा, दिवाळीच्या उरलेल्या करंज्या. दोन करंज्या आईनं मिस्त्रींना दिल्या. त्यांनी काळे हात पुढे न करता तोंडच उघडलं, आणि आईनं घरच्या माणसाला भरवावी तशी करंजी भरवली. पैसे देताना तिनं स्वतः कनवटीचे सहा रुपये काढले. घासाघीस केली नाही.

त्यानंतरचा रस्ता मी विसरणार नाही. चिचोंडी गेलं, कडा गेलं, आष्टी गेली. हँडल एका बोटानं धरावं इतकं शांत. ऊस कधीच संपला होता. आता नुसतं माळरान, कुसळं, बाभळी, काढणीला आलेली बाजरी आणि लांबवर निळे डोंगर. आई गप्प झाली होती. मी मागे वळून पाहिलं, तर डोळे बारीक करून, वाऱ्यात तोंड धरून ती हसत होती.

"अजून पळती का?" तिनं विचारलं.

"पळते."

"पळीव मग."

जामखेडच्या अलीकडे डावीकडे फुटणाऱ्या गाडीवाटेनं मावशीच्या वाडीत शिरलो तेव्हा ऊन टळटळीत डोक्यावर होतं. वाडीत माणूस दिसेना. मावशीच्या घराच्या दाराला बाहेरून बाभळीची फांदी लावलेली. शेजारच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ शेळीच्या पिलाला पाला चारत होते.

"गेले की," ते म्हणाले. "मुकादमानं सकाळीच हाकल्या गाड्या. दुपारून जायचं हुतं, पर त्याला घाई. तुमी कोन?"

"गंगूची थोरली भन," आई म्हणाली आणि दाराशीच खाली बसली. बाभळीच्या फांदीला तिनं हात लावला, काटा टोचला तसा काढून घेतला.  माघारी जाऊन काढलेल्या तोलाचा तो वेळ मला आता डाचायला लागला होता.

आईनं विचारलं, "कोन्या रस्त्यानं गेले, दादा?"

"करमाळ्याच्या. लांब गेले असतील आता."

"बैलं किती लांब जातील?" ती उठली, लुगडं झटकलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. "चल."

करमाळ्याचा रस्ता कच्चा, खडीचा. मातीत लोखंडी धावांच्या (बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या पट्ट्यांच्या) ताज्या चाकोऱ्या उमटलेल्या. त्या बघत आम्ही निघालो. वाटेत मेंढ्यांचा कळप आडवा आला. धनगरानं काठीनं पुढे खूण केली: गेल्यात गाड्या. दुपार कलली. एक ओढा ओलांडून चढावर आलो आणि पुढे धूळ दिसली. मग खडखडाट ऐकू आला. मग गाड्यांची रांग दिसली, एकामागं एक, वर कडबा, भांडी, कोंबड्यांची डालगी, मुलं.

आईनं माझ्या खांद्यावर इतक्या जोरात थाप मारली, की गाडी हलली. "गंगे!" ती ओरडू लागली. "ए गंगे!"

मोटारसायकलीच्या आवाजानं शेवटच्या गाडीचे बैल बुजले आणि गाडी तिरकी होऊन रस्त्याखाली जायला लागली. गाडीवानानं शिव्या हासडल्या. मी इंजिन बंद केलं. आई गाडी थांबायच्या आत उतरली आणि धुळीतून धावत सुटली. पन्नाशी ओलांडलेल्या आईला मी कधी पळताना पाहिलं नव्हतं. मधल्या एका गाडीवरून एक वाळलेली, उन्हानं काळवंडलेली बाई खाली उडी टाकून आली. ती मावशी. मला तिची ओळख पटायला वेळ लागला. आईला लागला नाही.

दोघी रस्त्यातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. मागच्या गाड्या थांबल्या.

"यष्टीनं आलीस?" मावशीनं रडता रडता विचारलं. "लई वकली असशील."

"न्हाई गं. फटफटीवर."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, पुन्हा आईकडे पाहिलं. "तू? हिच्यावर?" आणि ती हसायला लागली. मग आईही. धुळीनं माखलेल्या त्या दोघी हसत सुटल्या, तेव्हा त्या एकाच आईच्या मुली आहेत हे कुणालाही कळलं असतं.

मुकादम पुढून आला. मुक्काम गाठायचा आहे, थांबता येणार नाही म्हणाला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्यामागेही कुणाची तरी घाई होती. काकांनी गाडीतलं एक गाठोडं बाजूला सारलं आणि म्हणाले, "आक्का, बसा वर. मुक्कामापतूर चला आमच्याबरूबर."

म्हणून त्या दिवशीची शेवटची वाट आई बैलगाडीतून गेली. मी मागून मोटारसायकल हाकत होतो, बैलांच्या चालीनं. इंजिन तापलं की बंद करायचो, गाड्या पुढे जाऊ द्यायचो, पुन्हा गाठायचो. पुढे कडब्यावर दोन डोकी जवळजवळ दिसत. बोलणं ऐकू येत नव्हतं. मधूनच एखादा हात वर व्हायचा. पाच वर्षांचं सगळं तेवढ्या वाटेत बोलायचं होतं.

सूर्य मावळायच्या आत विहिरीजवळ मुक्काम पडला. मावशीनं तीन दगडांवर चूल मांडली आणि शेंगोळे (हुलग्याच्या पिठाचे वळून लसणाच्या पाण्यात शिजवलेले) केले. मी इतके झणझणीत शेंगोळे पूर्वी खाल्ले नव्हते. डोळ्यांतून पाणी आलं तरी दुसऱ्यांदा मागितले. निघताना आईनं गार वाऱ्यासाठी बरोबर आणलेली अंगावरची घोंगडी काढून मावशीच्या खांद्यावर टाकली. "थंडीची फडात लागंल," एवढंच म्हणाली. आम्ही जामखेडच्या धर्मशाळेत टेकलो आणि सकाळी परतीला लागलो.

घरी आल्यावर शेजारच्या बायका जमल्या. काय पाहिलं विचारू लागल्या. आईनं फ्लावर सांगितला, म्हशीवरची बाई सांगितली, डोंगर सांगितले. मी ऐकत होतो. जिल्हा एकच, पण एका टोकाला पाण्यात उभा ऊस आणि दुसऱ्या टोकाला तो ऊस तोडायला घर बंद करून निघालेली माणसं. हा रस्ता मी एसटीनं कितीदा गेलो होतो, पेपर वाचत. त्यावर कोण कुठे चाललं आहे, हे मला गाड्यांच्या मागून बैलाच्या चालीनं जाताना पहिल्यांदा दिसलं.

बायका गेल्यावर मी गाडीवरची धूळ पुसत होतो. आई ओट्यावर येऊन बसली.

"गंगूचा कारखाना कुठशी म्हनली ती? किती लांब असंल?"

"असेल दीड-दोनशे मैल."

आईनं जरा विचार केला.

"मग उजाडायच्या आत निघावं लागंल," ती म्हणाली.